जुना कॉम्प्युटर घरी आणल्यावर: पुण्यातल्या नवख्या संग्राहकांसाठी

पंधरा-वीस वर्षं बंद असलेला कॉम्प्युटर समोर आला की हात आधी बटणाकडे जातो. ‘चालतोय का ते तरी बघू’ हा मोह आवरला तर अर्धं काम झालं. बंद काळात पॉवर सप्लायमधले कपॅसिटर कमजोर झालेले असतात, मदरबोर्डवरची बॅटरी गळालेली असते आणि हार्ड डिस्कमधला मजकूर कदाचित जगात दुसरीकडे कुठेच नसतो. थेट वीज दिली की या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी पणाला लागतात. म्हणून या लेखात बटण दाबायची वेळ बरीच उशिरा येईल.

काय जमवायचं

परदेशी छंदिष्टांचे व्हिडिओ पाहून पुष्कळ जण ॲपल टू किंवा कमोडोर ६४ च्या मागे लागतात. ती यंत्रं सुंदर आहेत, पण ती जपणारे लोक जगभर आहेत, त्यांचे सुटे भाग नव्याने बनतात, त्यांच्याबद्दलची बारीकसारीक माहिती नोंदलेली आहे. आपल्याकडे घडलेल्या आणि वापरलेल्या यंत्रांची काळजी मात्र आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले आणि पुढच्या काही वर्षांत एचसीएलचा बिझीबी, विप्रो, झेनिथ, पीसीएल अशी नावं ऑफिसांमध्ये दिसू लागली. त्याच सुमारास शाळांसाठी सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर भारतात पोहोचले. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमचा परवाना घेऊन काढलेला ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काही घरांमध्ये टीव्हीला जोडला गेला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाली. भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणणारं, आयआयटी कानपूरला जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान त्यांनी पुढे नेलं आणि डॉसवर (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर) चालणाऱ्या साध्या पीसीच्या पडद्यावर जिस्ट कार्डामुळे देवनागरी उमटू लागली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपी या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर इथल्या छापखान्यांनी वर्षानुवर्षं पत्रिका, दिवाळी अंक आणि पाठ्यपुस्तकं जुळवली.

त्यामुळे माझी पसंती स्पष्ट आहे. कंपनीचं नाव नसलेला, कुठल्याशा पेठेतल्या दुकानात असेंबल केलेला ४८६ (८०४८६ प्रोसेसरचा पीसी), पण आत जिस्ट कार्ड आणि मागे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला श्रीलिपीचं लॉक (सॉफ्टवेअरची नक्कल चालू नये म्हणून लावायचा तुकडा) लावलेलं असेल, तर तो मी चकचकीत परदेशी यंत्राआधी उचलेन.

पहिलं यंत्र म्हणून ४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियमच घ्या. त्याला व्हीजीए मॉनिटर चालतो, आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क लागते, डॉस आणि विंडोज ९५ दोन्ही चालतात, आणि सुटे भाग अजून मिळतात. एक्सटीच्या, म्हणजे त्याहून बऱ्याच जुन्या पिढीच्या पीसीच्या, वाट्याला नंतर जा. त्याचा कीबोर्ड वेगळ्या पद्धतीने बोलतो, मॉनिटर वेगळा लागतो, आणि २० एमबीची एमएफएम (आयडीईच्या आधीच्या पद्धतीची) डिस्क हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

कुठे शोधायचं आणि काय विचारायचं

रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सकाळी लवकर गेलं तर कार्ड, कीबोर्ड, केबल, क्वचित अख्खी कॅबिनेटही दिसतात. तिथे चालू करून बघायची सोय नसते, तेव्हा भाव करताना वस्तू बंद आहे असंच धरून चाला. पूर्ण यंत्रं मात्र बाजारापेक्षा ओळखीतून मिळतात. आप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे आणि नारायण-सदाशिव पेठेतले जुने डीटीपीवाले, हिशेब तपासनीसांची ऑफिसं, सहकारी पतपेढ्या, कॉलेजच्या राइट-ऑफ झालेल्या लॅब, हे खरे साठे. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये तर मशिनला जोडलेला डॉसचा पीसी अजूनही भेटतो, कारण मशिन चालवणारं कार्ड आयसा या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्येच बसतं. असा चालू पीसी मागू नका. तो कधी निघाला तर आधी तुम्हाला सांगावं, एवढीच ओळख ठेवून या.

आपल्या भागातल्या भंगारवाल्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून ठेवा: कॅबिनेट उघडू नका, तांबं आणि बोर्ड वेगळे करू नका, आधी मला फोन करा. तो वजनावर घेतो, तुम्ही त्याहून थोडं जास्त देता, म्हणजे व्यवहार दोघांच्याही सोयीचा होतो.

मालकाकडून घेत असाल तर पैशांआधी बोला. यंत्र शेवटचं कधी चालू होतं? बंद का पडलं, की नुसतं बाजूला ठेवलं? त्यावर कोणतं काम व्हायचं? प्रिंटर कोणता होता? फ्लॉपींचा डबा, मॅन्युअल, बिल, लॉक कुठे आहे? पॅरलल पोर्टला लागणारं ते काडेपेटीएवढं लॉक बहुतेक वेळा टेबलाच्या खणात वेगळं पडलेलं असतं आणि कचरा म्हणून टाकलं जातं. त्याच्याशिवाय सॉफ्टवेअर उघडणारच नाही. शिवाय डिस्कमध्ये ग्राहकांचे हिशेब, पत्रव्यवहार, खासगी फोटो असू शकतात. त्याचं काय करायचं ते मालकाला तिथेच विचारा, आणि जे ठरेल ते पाळा.

घरी आल्यावर पहिला दिवस

चारही बाजूंनी फोटो काढा. कॅबिनेट उघडा आणि धूळ तशीच ठेवून पुन्हा काढा. कुठली केबल कुठे, तिची लाल पट्टी कुठल्या टोकाला, कोणता जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कुठे बसवलाय, समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी कोणत्या पिनांवर आहेत, हे फोटोत वाचता आलं पाहिजे. ४८६ च्या बोर्डाचं मॅन्युअल सहज मिळत नाही, जंपरचा फोटो हेच तुमचं मॅन्युअल.

पुण्यातल्या यंत्रांमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. खंडेनवमीला किंवा दसऱ्याला पूजा झालेली असते, म्हणून पुढच्या प्लास्टिकवर कुंकवाचं स्वस्तिक असतं आणि फ्लॉपीच्या फटीतून आत गेलेल्या अक्षता मदरबोर्डवर सापडतात. अक्षता काढा, कारण त्यांच्या मागे झुरळं येतात. स्वस्तिक राहू द्या. दुकानाचा स्टिकर, कोणी पेनने लिहिलेला पासवर्ड, हार्ड डिस्कवर चिकटवलेली तारीख, यातलं काही पुसू नका. हे यंत्र कुठे आणि कोणाच्या हाताखाली होतं हे नुसतं तेवढ्यावरून कळतं.

उंदराचा वावर झाला असेल तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावायचा नाही. कोरडी धूळ मऊ ब्रशने सुटी करून ब्लोअरने उडवा, गॅलरीत. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा वेडावाकडा फिरू द्यायचा नसतो.

बॅटरी: सगळ्यात आधी हीच

३८६ आणि ४८६ च्या बोर्डवर कीबोर्डच्या गोल सॉकेटजवळ निळी किंवा हिरवी, पिंपासारखी बॅटरी असते. ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम. ती गळते, आणि तिच्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड तांब्याच्या ट्रॅकखाली शिरून वर्षानुवर्षं पुढे सरकत राहतं. बोर्डवर हिरवट-निळसर भुकटी दिसली, आयसीचे पाय काळपट झाले असतील, तर उशीर करू नका. अजून गळाली नसेल तरीही ती त्याच दिवशी काढायची.

ती कापताना दोन्ही पाय कटरने वेगवेगळे कापा. बॅटरी ओढू नका, ट्रॅक उचकटतात. गळालेला पदार्थ अल्कली आहे, म्हणून त्यावर आम्ल लागतं: पांढरं व्हिनेगर, नाहीतर गाळलेला लिंबाचा रस. कापसाच्या काडीने लावा, थोडे बुडबुडे येतील, थांबले की पुन्हा लावा. खायचा सोडा इथे चालत नाही, तो आम्लाच्या गळतीवरचा उपाय आहे. नंतर डिस्टिल्ड वॉटरने धुवा. बॅटरीवाल्यांकडे मिळतं ते पाणी चालतं, नळाचं नको, क्षार मागे राहतात. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा हात फिरवा आणि दोन दिवस वाळू द्या.

वाळल्यावर भिंग घ्या. जिथे हिरवा मुलामा फुगलाय किंवा काळवंडलाय तिथे तो हलकेच खरवडून खालचं तांबं उघडं करा. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक संशयास्पद ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. सर्वात जास्त मार कीबोर्ड कंट्रोलर आणि त्याच्या सॉकेटला बसतो. ‘कीबोर्ड एरर’ म्हणून टाकून दिलेले कितीतरी बोर्ड असल्या एखाद-दोन तुटलेल्या ट्रॅकपायी मेलेले असतात. तुटलेल्या जागी बारीक इन्सुलेटेड वायर सोल्डर करून जोड द्या. हे काम संथ आहे, एका बोर्डावर आख्खा रविवार जाऊ शकतो. पण या छंदातलं खरं समाधान इथेच मिळतं.

जुन्या बॅटरीच्या जागी लिथियम सेल सरळ सोल्डर करू नका. बोर्ड त्या जागेला चार्जिंग देतो आणि लिथियमचा नाण्यासारखा सेल चार्ज करायचा नसतो. बहुतेक बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा हेडर असतो, शेजारी जंपर. तीन पेन्सिल सेलांचा डबा त्याला जोडा, मधे एक १एन४१४८ डायोड घाला आणि डबा बोर्डपासून लांब, कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवा. पुन्हा गळाला तरी बोर्ड वाचेल.

काही बोर्डांवर बॅटरी दिसतच नाही, त्याऐवजी ‘डॅलस’ लिहिलेली जाडजूड काळी चिप असते. घड्याळ आणि सेल दोन्ही तिच्याच पोटात. ती गळत नाही, पण संपते. नवी पर्यायी चिप मिळते ती बसवणं सर्वांत सोपं. हाताला सवय असलेले लोक जुन्या डीएस१२८७ ची कड कोरून १६ आणि २० क्रमांकाच्या पिनांचे आत दडवलेले जोड उघडे करतात आणि बाहेरून सेल देतात.

पॉवर सप्लाय

इथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाचा. आपल्याकडचे २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. उघडण्याआधी प्लग काढून थांबा, उघडल्यावर मीटरने मोजा, व्होल्टेज उरलं असेल तर रेझिस्टरमधून उतरवा. पेचकस टेकवून ठिणगी काढण्याची पद्धत सोडून द्या.

जुन्या एटी (४८६ च्या काळातल्या) पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या पॉवर बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. त्या स्विचला चार वायरी असतात. त्या अदलाबदल झाल्या तर सरळ शॉर्ट होतो. काढण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरवर कागदी पट्टी लावून खूण करा. मागे ११५/२३० चा छोटा लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, हेही पाहून घ्या.

आत काय पाहायचं? फुगलेले, माथ्यावर फाटलेले किंवा बुडाशी ओल आलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बीबीसी मायक्रोच्या सप्लायमध्ये रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर कपॅसिटर सापडतात. त्यांच्यावर बारीक तडे गेलेले असतात, त्यातून ओल आत शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ते उग्र धूर सोडून फुटतात. दिसले की बदलायचे, जागी एक्सटू (थेट मेन्सवर लावण्याच्या) वर्गाचाच कपॅसिटर. इतर इलेक्ट्रोलिटिक बदलताना तेवढेच मायक्रोफॅरॅड, तेवढंच किंवा थोडं जास्त व्होल्टेज, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) असा घ्या. तपकीर गल्लीत हे सुटे मिळतात. जुना काढून सोबत न्या, म्हणजे पायांमधलं अंतर आणि उंचीही जुळवता येते.

मग सिरीज बोर्ड. टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडे असतो तो: फेजच्या वायरीत एक १०० वॅटचा जुना पिवळा दिवा. एलईडी चालणार नाही, तारेचाच दिवा लागतो, तो आता शोधून आणावा लागतो. सप्लाय त्यातून जोडला की दिवा क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मदरबोर्ड अजून जोडायचा नाही, पण जुने एटी सप्लाय लोडशिवाय नीट उभे राहत नाहीत, म्हणून कामातून गेलेली एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून लावा. लाल वायरीवर ५, पिवळ्यावर १२, निळ्यावर उणे १२, पांढऱ्यावर उणे ५. लाल-पिवळ्याचं माप पाच टक्क्यांच्या आत हवं. नारिंगी वायर ‘पॉवर गुड’ची, तिथे सुरू झाल्यावर ५ च्या आसपास यायला हवं.

अर्थिंगचंही बघा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांच्या सॉकेटमधलं तिसरं भोक कित्येकदा शोभेचं असतं. अशा ठिकाणी सप्लाय चांगला असूनही कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधलं व्होल्टेज पत्र्यावर आणून ठेवतात. फेज ते अर्थ मोजा, २३० च्या जवळ आलं पाहिजे. येत नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग कॉम्प्युटर.

पहिली वीज

बोर्ड कॅबिनेटबाहेर, लाकडी टेबलावर घ्या. पाच आणि बारा व्होल्टच्या रेषा ग्राउंडशी शॉर्ट नाहीत ना, मीटरने पाहा. जुन्या बोर्डवरचे थेंबासारखे टँटलम कपॅसिटर अचानक शॉर्ट होतात आणि वीज दिली की फटाका फुटावा तसे उडतात. डोळ्यांवर चष्मा ठेवा. सॉकेटमधल्या चिपा वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने थोड्या वर सरकलेल्या असतात, अंगठ्याने हलकेच दाबून बसवा. कार्डांच्या सोनेरी कडांवर खोडरबर घासायची आपल्याकडे सवय आहे. मऊ पांढरा रबर, एक-दोन हलके हात, मग अल्कोहोल, इतपत ठीक. जोराने घासलं तर सोन्याचा मुलामाच जातो.

एटी सप्लायचे दोन कनेक्टर बोर्डवर शेजारी-शेजारी बसतात. बसवताना काळ्या वायरी मधे, एकमेकींना लागून. उलटं झालं तर बोर्ड जातो. हे पाठ झालं असलं तरी दर वेळी बटण दाबण्याआधी डोळ्यांनी पाहायचं.

आधी फक्त रॅमची एक बँक (एकत्र लागणाऱ्या पट्ट्यांचा एक गट), व्हीजीए कार्ड आणि स्पीकर जोडा. ३८६ डीएक्स आणि ४८६ ला ३० पिनांच्या रॅम चारच्या गटात लागतात, ३८६ एसएक्सला दोनच्या, ४८६ ला ७२ पिनांची एकटी चालते, पेंटियमला जोडी. पडदा आला तर उत्तम. नाही आला तर स्पीकर ऐका: एएमआय बायॉसमध्ये (बायॉस म्हणजे बोर्डवरच्या चिपमधला, यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी मेमरीत दोष, आठ बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप डिस्प्लेकडे बोट दाखवतात. काहीच आवाज नसेल तर आयसा स्लॉटमध्ये बसणारं पोस्ट कार्ड घ्या. बोर्ड कुठल्या टप्प्यावर अडला ते दोन आकडे सांगतात. दुरुस्ती शिकायची असेल तर मल्टिमीटरनंतरची पहिली खरेदी हीच करावी.

हार्ड डिस्क: आधी प्रत, मग बाकी सगळं

जुन्या डिस्कला कदाचित शेवटचीच संधी मिळणार असते. ती ‘विंडोज सुरू होतं का’ हे बघण्यात घालवू नका. पहिल्या यशस्वी फिरण्यातच पूर्ण प्रत घ्यायची.

तिच्या लेबलवरचे, डिस्कची रचना सांगणारे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे आधी वहीत उतरवा. बॅटरी काढल्यावर बायॉस हे विसरलेलं असतं आणि डिस्कचा प्रकार हाताने भरावा लागतो. यूएसबी-आयडीई ॲडॅप्टर नव्वदीच्या शेवटच्या डिस्कांना चालतात. त्याहून जुन्या, फक्त सिलिंडर-हेड-सेक्टरची भाषा कळणाऱ्या डिस्का त्यांना बहुधा दिसत नाहीत. म्हणून संग्रहात एक पेंटियम ४ च्या काळचा पीसी ठेवा, ज्याच्या बोर्डवर खरा आयडीई पोर्ट आहे. एमएस-सीआयटीच्या केंद्रांनी बदललेले असले पीसी अजून सहज मिळतात. त्या पिढीच्या बोर्डवर प्रोसेसरभोवतीचे फुगलेले कपॅसिटर नेहमीचेच, ते बदलून घ्या. त्यावर लिनक्स चालवून डीडीरेस्क्यूने प्रत काढा. हे साधन आधी वाचता येणारा भाग पटकन उचलतं आणि खराब सेक्टरकडे शेवटी वळतं. दम टाकणाऱ्या डिस्कसाठी नेमकं हेच हवं.

प्रत हाती आली की ती ८६बॉक्ससारख्या इम्युलेटरमध्ये (नव्या यंत्रावर जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सुरू करा आणि मूळ डिस्क खोक्यात ठेवून द्या. रोजच्या वापराला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीई ॲडॅप्टर लावा. जुन्या बायॉसला ५०४ एमबीच्या पुढे दिसत नाही, तेव्हा मोठ्या कार्डाचा उपयोग नाही. पुढे जायचं असेल तर एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायॉस हा जोडीचा बायॉस लागेल.

फ्लॉपी

पुण्याच्या चार पावसाळी महिन्यांत माळ्यावर ठेवलेल्या फ्लॉपींना बुरशी येतेच. सव्वापाच इंची फ्लॉपीचं मधलं भोक बोटाने फिरवत खिडकीतून चकती पाहा. पांढरे ठिपके किंवा धुरकट पट्टे दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका, एक बुरसट फ्लॉपी हेड खराब करते आणि तो हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडतो. मजकूर महत्त्वाचा असेल तर वेष्टणाची कड कापून चकती बाहेर काढतात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलक्या हाताने धुतात, पूर्ण वाळवतात आणि दुसऱ्या स्वच्छ वेष्टणात घालून वाचतात. एकदाच वाचायची, आणि तीही फ्लॉपी ड्राइव्ह नव्या पीसीला जोडणाऱ्या ग्रीझवीझलसारख्या बोर्डने. फाइलींऐवजी चकतीवरच्या चुंबकीय बदलांचीच नोंद तो करतो, म्हणून डॉसने नाकारलेली फ्लॉपीही पुष्कळदा हाती लागते. रोजच्यासाठी गोटेक (पेनड्राइव्हला फ्लॉपी भासवणारा ड्राइव्ह) बसवा आणि पेनड्राइव्हवरून काम करा, पण मूळ ड्राइव्ह फेकू नका.

मराठी मजकूर

डिस्कच्या प्रतीत मराठी फाइली सापडल्या की आधी त्या कोणत्या जातीच्या आहेत ते ओळखा. जिस्टच्या फाइलींमध्ये मजकूर भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की संकेतात असतो. तिथे अक्षरं उच्चाराप्रमाणे साठवलेली असतात, आणि युनिकोडमधला देवनागरीचा भाग इस्कीवरूनच रचलेला असल्याने रूपांतर सरळ होतं. श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरच्या फाइली वेगळ्या. त्यांत अक्षर साठवलेलं नसतं, फाँटमधल्या आकाराचा क्रमांक असतो. फाँट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि लोक फाइल बिघडली समजून ती पुसून टाकतात. ती बिघडलेली नसते. त्याच यंत्रावरचे फाँट, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लॉक, तिन्ही जपून ठेवा.

पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधली पानं वाचवायची असतील तर मी असं करायला सांगेन: जुन्या विंडोजमध्ये कुठल्याही पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाका, प्रिंट फाइलमध्ये घ्या, आणि ती फाइल नव्या यंत्रावर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने पीडीएफ करा. पान जसं छापलं गेलं होतं तसं हाती येतं, जोडाक्षरांसकट. मजकुराचं युनिकोड रूपांतर त्यानंतर शांतपणे करा आणि पीडीएफशेजारी ठेवून ताडून पाहा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धी अक्षरं इथे हमखास जागा सोडतात.

जिस्ट कार्डाचं काम मात्र प्रत्यक्ष कार्डच करतं. सापडलं तर त्याच्यावरच्या प्रत्येक चिपचा फोटो काढा, रॉमची (कायमचा प्रोग्रॅम साठवलेल्या चिपची) प्रत घ्या, सोबतच्या फ्लॉपी वाचा, आणि कीबोर्डवर चिकटवायचे इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीचे स्टिकर असतील तर तेही त्याच पाकिटात ठेवा.

मॉनिटर आणि बाहेरचं रूप

सीआरटी मॉनिटरच्या आत वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात. उघडायचा असेल तर पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर काम केलेल्या अनुभवी मेकॅनिकच्या शेजारी बसून शिका, वाचून नको. नऊ पिनांचा मॉनिटर कोणत्याही नऊ पिनांच्या कार्डाला जोडू नका. मोनोक्रोम आणि सीजीएच्या (सुरुवातीच्या रंगीत पद्धतीच्या) वारंवारता वेगळ्या असतात आणि चुकीच्या जोडीने मॉनिटर जळू शकतो. तात्पुरत्या कामाला व्हीजीए असलेला जुना चौकोनी एलसीडी पुरे.

कीबोर्डची बटणं काढून साबणाच्या कोमट पाण्यात, बाकी ब्रश. टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड सापडला तर सोडू नका. त्याच्या चेरी कंपनीच्या निळ्या स्विचांचा आवाज आणि टिकाऊपणा दोन्ही अजून तसेच असतात.

पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि उन्हाने उजळतं. ब्युटी पार्लरच्या सामानात १२ टक्क्यांचं क्रीम मिळतं, एप्रिल-मेचं ऊन भरपूर असतं. हातमोजे, चष्मा, वरून पातळ प्लास्टिकचं आवरण आणि दर अर्ध्या तासाने क्रीम पुन्हा पसरणं, नाहीतर डाग कायमचे उमटतात. पण मला विचाराल तर याची घाई नाही. पिवळेपणा काही वर्षांत परत येतो, आणि या प्रक्रियेत स्टिकर आणि कुंकू जातं.

ठेवायचं कुठे

माळा नको, तळमजल्याची बाहेरची भिंतही नको. जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटं पुढे, हवा खेळती. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळलं की आतली ओल आतच राहते, त्यापेक्षा सुती चादर बरी. डांबरगोळ्या आत टाकू नका. कार्ड आणि फ्लॉपी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून परत घाला. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला प्रत्येक यंत्र अर्धा तास चालवा, आतल्या उबेने ओल निघून जाते.

जे खरंच वाचणार नाही, त्यातले चांगले भाग काढून उरलेलं अधिकृत ई-कचरा केंद्राकडे किंवा कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ई-कचरा संकलनात द्या. पिक्चर ट्यूब फोडायची नाही, तिच्या काचेत शिसं असतं.

आणि प्रत्येक यंत्रासाठी एक वही: कोणाकडून आलं, त्यावर काय काम व्हायचं, कोणता भाग कधी बदलला, काढलेला भाग कुठल्या डब्यात आहे, डिस्कची प्रत कोणत्या दोन ठिकाणी आहे. वही कॅबिनेटच्या आतच ठेवा, पत्र्याला लावलेल्या पाकिटात, म्हणजे यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं तरी ती बरोबर जाईल.